दोन यार्डांवर मोरया

आजोबांचा व्हिडिओ रविवारी सकाळीच दुसऱ्या राज्यात, आयसेलिनपर्यंत पोचला होता! आई भाऊबीजेसाठी मामाकडे गेली होती, बाबाही बरोबर, आणि तिथे फराळ करता करता मामाच्या शेजारणीने आईलाच तो दाखवला. "हे आजोबा कोण आहेत माहीत नाही, पण सो क्यूट!" आई म्हणाली, "माझे सासरे आहेत." मग तिने मला फोन केला आणि पहिलंच विचारलं, "जेवले का ते?"

नव्हते जेवले. रात्री नाही, सकाळी चहासुद्धा अर्धाच.

व्हिडिओ अगदी छोटासा आहे. लेकशोर स्टेटचं स्टेडियम, शनिवार दुपार, दिवाळीचा पाडवा. आपली टीम, म्हणजे हेरन्स, चार पॉइंटांनी मागे. मॅच संपायला जेमतेम एक मिनिट, आणि बॉल गोलरेषेपासून फक्त दोन यार्डांवर. दोन यार्ड म्हणजे केवढे? आजीच्या डायनिंग टेबलाएवढे! तेवढं पुढे सरकलं की जिंकलो. अख्खं स्टेडियम गप्प, कारण अमेरिकन फुटबॉलमध्ये आपल्याकडे बॉल असताना गप्प बसायचं असतं. क्वार्टरबॅकची, म्हणजे चाल सुरू करणाऱ्या खेळाडूची हाक त्याच्या पोरांना ऐकू गेली पाहिजे. आरडाओरडा करायचा तो समोरच्यांकडे बॉल असताना. आणि हा नियम आमच्या नोव्हाय गावात नव्याने आलेल्या प्रत्येक मराठी माणसाला कोण शिकवतं? मोरेश्वर आजोबा! बाबांच्या जन्माआधीपासून सीझन तिकिटं घेतात ते. "हे क्रिकेट नाही," असं बजावून सांगतात. "आपले बॅटिंगला आले की तोंड बंद."

त्या शांततेत कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरतो आणि आजोबांवर थांबतो. सिल्कचा कुर्ता, वर जाड जॅकेट, डोक्यावर हेरन्सची निळी टोपी. दोन्ही हात वर. डोळे मिटलेले.

"गणपती बाप्पाऽऽ!"

आता मला सांगा, आम्ही काय करणार होतो? आम्ही म्हणजे मराठी मंडळाचं ढोल-ताशा पथक. दिवाळी म्हणून टीमनेच बोलावलेलं, बँडच्या शेजारी बसवलेलं, समोरच्यांकडे बॉल असेल तेव्हाच वाजवा असं सांगितलेलं. ढोल कमरेला बांधलेलेच होते. सगळ्यात पुढे ताशावर मी. "बाप्पा" ऐकल्यावर "मोरया" काय विचार करून म्हणतात? मोरया झालं, माझ्या काड्या पडल्या, मागून अठरा ढोल! आणि खाली मैदानात, हेरन्सच्या लाइनच्या, म्हणजे पुढच्या फळीच्या, उजव्या टोकाला वाकून बसलेला टकर, दीडशे किलोचा, गोड चेहऱ्याचा मुलगा, बॉल हलायच्या आधीच उसळला. रेफरीचा पिवळा रुमाल पडला. फॉल्स स्टार्ट. पाच यार्ड मागे.

आम्ही वाजवणं थांबवलं. पुढच्याच वेळी टकर परत उसळला. अजून पाच मागे. मग एक पास जमिनीवर पडला, एक समोरच्याच्या हातात गेला. खलास.

आता खरी गोची. पथकाला बोलवायची आयडिया कोणाची होती? ईशानदादाची!

दादा म्हणजे सुमंतकाकाचा मुलगा, माझा चुलतभाऊ. इंजिनिअर झाला, थोडे दिवस नोकरी केली आणि ती सोडून लेकशोर स्टेटला मास्टर्सला गेला, कारण तिथे ऑफेन्सच्या, म्हणजे बॉल घेऊन घुसणाऱ्या फळीच्या, कोचच्या हाताखाली काम मिळत होतं. मॅचचं फिल्म कापायचं, समोरच्या टीमच्या चाली कार्डांवर काढायच्या, पहाटे सगळ्यांच्या आधी येऊन दिवे लावायचे. दर रविवारी सकाळी हा कोच, ब्रॅनिगन, आपल्या माणसांना घेऊन आदल्या दिवशीचं फिल्म बघतो. या रविवारी दादाला मेसेज आला: येऊ नकोस. मंगळवारी बोलू.

म्हणून दादा भाऊबीजेला संध्याकाळी यायचा तो सकाळीच आला. लॅपटॉप बगलेत, दाढी वाढलेली. आजीने दार उघडलं आणि काही न विचारता त्याच्या हातात चकली दिली.

*

"दोन यार्डांवर बॉल, आणि हा ब्रॅनिगन पोरांना आडवं पळवतो!" आजोबांनी ताटलीतली करंजी आडवी करून दाखवली. "पहिल्या चान्सला आडवं. दुसऱ्या चान्सला पुन्हा आडवं. अरे, सरळ घुसा ना! हे काय कोचिंग झालं?"

"आजोबा, तिसऱ्या चान्सला सरळच घुसणार होते," दादा हळूच म्हणाला.

"मग घुसले का नाहीत?"

कांचनकाकू, म्हणजे दादाची आई, चिवड्यात शेंगदाणे शोधायला लागली. पथकाची प्रमुख तीच आहे. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आठवडाभर कुजबुजत बोलते आणि शनिवारी ढोल बडवते.

"बाबांचं बरोबर आहे," सुमंतकाका म्हणाला.

मी चहा सांडला! काका फुटबॉलच्या बाबतीत आजोबांशी सहमत? हा माणूस ब्रेक डिझाइन करतो आणि आयुष्यही तसंच चालवतो. हेरन्सची मॅच त्याने जन्मात पूर्ण बघितली नव्हती.

"ऑफेन्स भिकार आहे," काका पुढे म्हणाला. "बाबा इतकी वर्षं बघतायत, त्यांना कळतं. म्हणजे ब्रॅनिगन सीझन संपला की जाणार. कोच गेला की त्याची माणसं पण जातात. राइट? ईशान, शैलेंद्रने आमच्या कंपनीत तुझ्यासाठी जागा धरून ठेवलीये. उद्या सकाळी त्याला हो की नाही सांगायचंय. तुला काढायच्या आधी तूच नीघ."

"त्यांनी मला काढलेलं नाही, बाबा."

"येऊ नकोस म्हणाले ना?"

"मंगळवारी बोलू म्हणाले."

"तेच ते."

"घराजवळ तरी राहील," आजी म्हणाली. "तिथे काय खातो, कोणास ठाऊक. पिझ्झा आणि पिझ्झा."

म्हणजे आजी काकाकडे. काकू अजून चिवड्यात. आणि आजोबा? आजोबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. कोचला शिव्या त्यांनी घातल्या होत्या, आणि त्याच शिव्या उचलून काकाने दादाच्या जाण्याची तयारी केली होती! त्यांनी करंजी तशीच ठेवली आणि उठून गॅरेजमध्ये गेले.

मागच्या वर्षीपर्यंत या टेबलावर माझं तोंड फक्त खायला उघडायचं. कोणी विचारलं तर मी 'आय डोन्ट नो' म्हणून मोकळी. पण यंदा गणपतीत काकूने मला पुढच्या ताशावर उभं केलं, आणि एकदा तुमच्या काडीच्या इशाऱ्यावर अठरा ढोल सुरू झाले ना, की मग घरातल्या पाच माणसांची काय भीती!

"दादा," मी म्हटलं, "फिल्म लाव. टीव्हीवर. आत्ता."

*

रत्नाआजी गॅरेजमध्ये गेली तेव्हा आजोबा बंद गाडीत बसले होते. ड्रायव्हरच्या सीटवर, हात स्टिअरिंगवर. आजी दुसऱ्या बाजूने चढली आणि दार ओढून घेतलं. हे सगळं तिने मला नंतर अभिनयासकट सांगितलं.

"कुठे निघालात?"

"कुठे नाही."

"मग हीटर तरी लावा."

"गॅरेजमध्ये गाडी चालू करत नाहीत, रत्ना."

"मग आत चला. थंडीत बसून तो पिवळा रुमाल परत खिशात जाणार आहे का रेफरीच्या?"

आजोबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. आजीने शनिवारची मॅच घरी टीव्हीवर बघितली होती. तिच्या गुडघ्यांना स्टेडियमच्या पायऱ्या झेपत नाहीत. हात वर केलेला नवरा तिला दिसला होता आणि ती एकटीच सोफ्यावर जोरात "मोरया" म्हणाली होती. हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. आता सांगितलं.

आजोबांना हसू आलं नाही. "माझ्यामुळे पोराचं काम जाणार," ते म्हणाले. "कोचला नावं ठेवतोय, कारण दुसरं काय बोलू? तिसऱ्या चान्सला ती चाल बरोबर होती. मला दिसत होतं. सरळ घुसणार होते. म्हणूनच तर ओरडलो! इतका आनंद झाला की..."

आजी सकाळपासून सुमंतच्या बाजूने होती, आणि खरंच होती. नातू जवळ असावा, डब्यातलं जेवावा, आणखी काय हवं असतं? पण दादा चौदा वर्षांचा असताना याच गाडीत मागे बसून मॅचहून परतताना अखंड बडबड करायचा, तेही तिला आठवलं. सुमंतच्या कंपनीबद्दल तो कधी दोन वाक्यं बोलला नव्हता.

"अहो," ती म्हणाली, "ही चाल बरोबर होती, एवढं एक वाक्य आत येऊन सुमंतसमोर बोला. बाकीचं मी बघते."

*

आत मी टीव्हीच्या इतकी जवळ उभी होते की काका दोनदा म्हणाला, "अगं शिवांगी, तू काचेची नाहीयेस."

कोचचं फिल्म टीव्हीसारखं नसतं. वरून घेतलेलं, आवाज नाही, कॉमेंट्री नाही. बावीस माणसं मुंग्यांसारखी दिसतात. दादा तोच तो भाग पुढे-मागे करत होता. पहिलं आडवं. दुसरं आडवं.

"ही दोन का फेल गेली, दिसतंय?" दादा म्हणाला. "चाल चांगली आहे. पण उजवी बाजू उशिरा हलते. कोच म्हणतात टकर स्लो आहे."

"स्लो आणि तरी आधी उसळतो?" काकू म्हणाली. "दोन्ही कसं?"

तेवढ्यात आजोबा आत आले, मागे आजी. आजोबा दारातच उभे राहिले आणि शाळेत कविता म्हणायला उभं केल्यासारखं म्हणाले, "तिसरी चाल बरोबर होती. ब्रॅनिगनची चूक नव्हती. मी ओरडलो."

"ठीक आहे बाबा," काका म्हणाला. आजोबांच्या तोंडून असं वाक्य ऐकायची कोणालाच सवय नाही.

"थांब!" मी किंचाळले. "दादा, मागे घे. दुसरा फॉल्स स्टार्ट. आम्ही तेव्हा वाजवत नव्हतो. राइट? पूर्ण शांतता होती. तरी हा उसळला. डोकं बघ त्याचं!"

दादाने चित्र मोठं केलं. टकर वाकून बसला होता, नजर खाली गवताकडे आणि मान किंचित आत वळलेली, क्वार्टरबॅककडे. दाराआडचं ऐकताना आपण कान लावतो ना, अगदी तशी.

"तो ऐकतोय," मी म्हटलं. "बॉलकडे बघतच नाहीये! हाक आली की उठायचं, एवढंच डोक्यात. हाक नीट ऐकू आली नाही की उशीर. दुसरंच काही ऐकू आलं की आधी. ढोल बंद होते तेव्हा क्वार्टरबॅकने हाक लांबवली, याने अंदाज केला, आणि गेला!"

दादाने अजून दोन जुनी फिल्म्स लावली. तीच मान. टकरच्या शेजारी बसणाऱ्या गार्डची पण!

"पण आम्ही सायलेंट काउंट करतो," दादा म्हणाला. त्याचा आवाज मात्र बदलला होता, जरा वर चढला होता. "दुसऱ्यांच्या स्टेडियममध्ये गेलो की हाक देतच नाही. बॉल हलला की हलायचं. स्पीकरवर गर्दीचा आवाज लावून प्रॅक्टिस करतो."

"स्पीकरचा आवाज एकसारखा असतो ना? त्याची सवय होते. गर्दी कधी एकसारखी ओरडते का? काकू, पथकात तू आम्हाला पहिल्या दिवशी काय सांगितलंस?"

काकू ताठ बसली. "कानांवर विश्वास ठेवायचा नाही," ती तिच्या मैदानातल्या आवाजात म्हणाली. "अठरा ढोलांत कोणालाच काही ऐकू येत नाही. ताशाची काडी वर दिसली की तयार. काडी पडली की थाप. डोळा काडीवर."

"आणि टकरचा डोळा गवतावर!"

"वन मिनिट," सुमंतकाका म्हणाला. तो पुढे सरकून बसला होता. "हे चुकीचं आहे. कानाचा रिस्पॉन्स डोळ्यापेक्षा फास्ट असतो. प्रूव्हन फॅक्ट. डोळ्यांवर गेलात तर अजून उशीर होईल."

"फास्ट, पण चुकीचा!" मी म्हटलं. "काका, तुझ्या ब्रेकच्या सेन्सरला खोटा सिग्नल आला आणि हायवेवर गाडी आपोआप थांबली तर? फास्ट थांबली म्हणून खूश होशील?"

नंतर काकानेच मला सांगितलं की त्या क्षणी त्याला माझा राग आला होता, कारण गेली दोन वर्षं ऑफिसात तो नेमकं हेच भांडण भांडतोय. खोट्या सिग्नलवर ब्रेक लागता कामा नये. आणि तो भांडणात या बाजूला होता, माझ्या!

"सिद्ध कर," तो म्हणाला.

*

मागच्या अंगणात नोव्हेंबरची थंडी, पायाखाली मेपलची पानं. दादा बॉल घेऊन मधे वाकला. क्वार्टरबॅक म्हणून मागे आजोबा, टोपी पुन्हा डोक्यावर. डाव्या बाजूला आजी, घडीच्या खुर्चीवर, मांडीवर शाल. "मी डावी लाइन," तिने जाहीर केलं, "माझ्या बाजूने कोणी जाऊन दाखवा." आणि उजव्या टोकाला, स्वेटरच्या बाह्या वर करून, सुमंतकाका.

"खाली वाक, काका. अजून. एक हात जमिनीवर."

"माझं वय किती आहे, शिवांगी?"

"टकरची कंबर तुझ्यापेक्षा मोठी आहे. वाक!"

पहिल्यांदा कानाने. आजोबा "हट!" म्हणतील तेव्हा काकाने उठून पुढच्या रिसायकलिंगच्या डब्याला ढकलायचं. मी ताशा घेऊन कुंपणाजवळ, काकू ढोल बांधून माझ्या शेजारी. आजोबांनी श्वास घेतला, आणि काकूने थाप मारली.

काका उसळला! डब्यापर्यंत गेलासुद्धा.

"फॉल्स स्टार्ट," आजी म्हणाली आणि शाल हवेत फेकली. "पाच पावलं मागे."

"हे चीटिंग आहे! कांचन, तू मुद्दाम..."

"पुढच्या शनिवारी दुसऱ्यांच्या स्टेडियममध्ये ऐंशी हजार लोक पण मुद्दामच ओरडणारेत," काकू म्हणाली. "वाक."

दुसऱ्यांदा त्याने दात आवळले. काकूने वाजवलंच नाही. आजोबांनी नुसतं खाकरलं आणि काका परत उसळला. आजी इतकी हसली की खुर्ची हलली. बाजूच्या घरातले मिस्टर पार्क खिडकीत आले. काका लालबुंद झाला होता, पण आता तो आम्हाला सोडणार नव्हता.

"आता मान वळव," मी म्हटलं. "गवत नाही, आजोबा नाही. दादाच्या हातातला बॉल. फक्त तो. आम्ही काहीही करू दे."

आणि आम्ही वाजवलं! पहिला हात, म्हणजे पहिला ठेका, मग तो तोडून दुसरा, मधेच थांबून एकटा ताशा, मग अचानक ढोल. आजोबा बेंबीच्या देठापासून "बाप्पाऽऽ" ओरडले आणि आम्ही तिघींनी "मोरया" केलं. काका हलला नाही. गालाचा स्नायू थरथरत होता, हात पानांत रुतला होता, डोळे बॉलला चिकटलेले. आम्ही अजून जोरात. तो नाहीच हलला.

मग दादाने बॉल उचलला.

डबा थेट कुंपणापर्यंत गेला! पुठ्ठे, दुधाचे कॅन, सगळं अंगणभर. काका त्यात उभा राहून धापा टाकत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं जे मी आधी कधीच बघितलं नव्हतं.

"परत!" तो ओरडला. "परत एकदा! ईशान, या वेळी उशिरा उचल!"

दादा त्याच्याकडे बघतच राहिला. मग त्याने फोन काढून आजीच्या हातात दिला. "आजी, शूट कर."

*

संध्याकाळी दादा पाटावर बसला. आजीने रांगोळी काढली होती, ताम्हणात निरांजन, सुपारी, तिची अंगठी, अक्षता. मी ओवाळलं. दादाने खिशातून पाकीट काढलं.

"ते नको," मी म्हटलं. "व्हिडिओ पाठव. कोच ब्रॅनिगनला."

"वेडी आहेस का? त्यांनी मला येऊ नको म्हटलंय, आणि मी त्यांना माझे बाबा डब्याला धडक मारतानाचा..."

"त्याबरोबर टकरच्या मानेच्या तीन क्लिप पण."

"शिवांगी, माझं जे काही उरलंय ना तिथे, ते पण जाईल."

"ओवाळणीला नाही म्हणतात?" आजी म्हणाली. सकाळची काकाकडची आजी! "बहिणीने मागितलंय. पाटावरून उठायच्या आत द्यायचं असतं."

दादाने काकाकडे बघितलं. मला माहीत होतं तो कशाची वाट बघतोय. आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. काका खिडकीपाशी उभा होता, गुडघ्याला बर्फ लावून, फोनवर शैलेंद्रचं नाव उघडलेलं.

"पाठव," काका म्हणाला, फोनमधून मान वर न काढता. "रिस्पॉन्स टाइमची माझी नोट पण जोड. मी लिहून देतो. आणि शैलेंद्रला मी सांगतो, मंगळवार संध्याकाळपर्यंत थांब."

"फक्त मंगळवारपर्यंत?" काकूने विचारलं.

"फक्त मंगळवारपर्यंत."

दादाने बटण दाबलं. निरांजन शांत जळत होतं. आम्ही पाच जण एका फोनकडे बघत बसलो. आजीने जेवायला वाढलं, कोणी उठलं नाही. आजोबा तर टोपी चुरगाळून बसले होते. मी मनात म्हणत होते, वाज ना, वाज ना, वाज ना!

वाजला.

दादाने वाचलं, परत वाचलं, आणि मोठ्याने म्हणाला, "ढोल किती आहेत?"

"काय?"

"कोच विचारतायत. ढोल किती आहेत." फोन परत वाजला. दादाने पुढे वाचलं. "आणि... तो टोपीवाला ओरडणारा माणूस मंगळवारी फ्री आहे का?"

आजोबा उठले. कुर्ता खाली ओढला. "त्याला सांग," ते म्हणाले, "आधी जेवतो, मग कळवतो." आणि दोन वाट्या आमटी प्यायले!

*

मंगळवारी शाळा सुटल्यावर काकू मला घ्यायला आली. लेकशोरच्या प्रॅक्टिसच्या मैदानावर वारा असा की ताशाच्या काड्या बोटांत गोठत होत्या. कोच ब्रॅनिगन बुटका निघाला! टीव्हीवर किती उंच दिसतो. त्याने दादाशी हात मिळवला नाही, नुसतं म्हणाला, "तुझ्या लोकांना कुठे उभं करायचं?" दादाने अख्ख्या पथकाला आणि आजोबांना लाइनच्या अगदी मागे, दहा पावलांवर उभं केलं.

पहिल्या खेपेला टकर उसळला. दुसऱ्या खेपेला टकर आणि गार्ड दोघं. ब्रॅनिगनच्या चेहऱ्यावर काहीच नाही. तो दादाकडे बघत होता. काका साइडलाइनवर उभा होता, दोन्ही हात खिशात, एका खिशात फोन.

मग दादा पळत टकरजवळ गेला, त्याच्या हेल्मेटवर हात ठेवला आणि मान हलकेच वळवली. बॉलकडे. गार्डची पण. काहीतरी बोलला. टकर हसला.

"आजोबा!" दादा ओरडला. "आता सगळं!"

आजोबांनी टोपी मागे सरकवली आणि दोन्ही हात वर केले. डोळे या वेळी उघडे होते.

"गणपती बाप्पाऽऽऽ!"

मोरया! माझी काडी पडली, अठरा ढोल एकदम उठले, जमीन पायाखाली थरथरली, मी तोडलं, थांबले, परत सुरू केलं, काकू ढोलासकट उड्या मारत होती. आणि समोर हेरन्सची लाइन. पाच पाठी. वाकलेल्या. एकही हलली नाही. टकरच्या मानेवरचा घाम दिसत होता मला, पण तो हलला नाही!

बॉल उठला. पाचही एकदम गेले, जणू पाच नाहीतच, एकच कोणीतरी आहे.

एकच माणूस आधी उसळला होता. साइडलाइनवर, खिशातून हात काढून, रेषेच्या आत दोन पावलं. सुमंतकाका.

ब्रॅनिगनने मागच्या खिशातून पिवळा रुमाल काढला आणि शांतपणे काकाच्या बुटांपुढे टाकला. "फाइव्ह यार्ड्स," तो म्हणाला. मग दादाकडे वळून, "ईशान, तुझ्या वडिलांना कुठे बघायचं ते शिकव. आणि उद्या सहाला फिल्म आहे. दिवे तू लावायचेस, आठवतंय ना?"

दादाने नुसती मान हलवली, तीनदा.

काकाने रुमाल उचलला, माती झटकली, नीट घडी घातली आणि खिशात ठेवला. त्याच खिशातून फोन निघाला.

"शैलेंद्रला काय सांगू?" त्याने काकूला विचारलं. त्याचे डोळे ओले होते. वाऱ्यामुळे, असं तो अजूनही म्हणतो.

"सांग," काकू ढोलाची दोरी आवळत म्हणाली, "पोरगा कामावर आहे. आणि तू रेषेच्या मागे हो, पुढची खेप सुरू होतेय."